आठवडाभराची भिंत

शहरातल्या एखाद्या चित्रकाराचं प्रदर्शन लागतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, व्हॉट्सॲपवर निमंत्रण फिरतं, ओळखीचे लोक जाऊन येतात आणि आठवड्याभरात दालन पुन्हा रिकामं होतं. मुंबईत जहांगीर, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रवि वर्मा कलादालन, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन, पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा अशा अनेक ठिकाणी हे वर्षभर चालू असतं. प्रेक्षकाला दिसतात ती भिंतीवरची चित्रं. तारखेची खटपट, भिंतीची मोजणी, फ्रेमवाल्याचं बिल, किंमत ठरवण्याचा घोळ आणि टेम्पोची वाट हे मागे राहतं. भाड्यानं मिळणाऱ्या सार्वजनिक दालनात ही सगळी कामं चित्रकारालाच करावी लागतात. त्याच्या स्वातंत्र्याची किंमत ती हीच. अशा प्रदर्शनाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रवास कसा असतो, ते पाहू.

एकल प्रदर्शन वेगळं कशानं?

महाराष्ट्रात चित्रकाराची पहिली ओळख बहुधा सामूहिक प्रदर्शनातून होते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ सालची. त्यांची वार्षिक प्रदर्शनं आणि कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन या वाटेनं कित्येक पिढ्या पुढे आल्या. तिथे परीक्षक असतात. चित्रकार एक-दोन चित्रं पाठवतो आणि ती निवडली जातात किंवा परत येतात.

एकल प्रदर्शनात मामला उलटा असतो. वीस-पंचवीस चित्रं एकाच हाताची, एकाच खोलीत. एका जमलेल्या चित्राच्या आडोशाला बाकीची लपवता येत नाहीत. चित्रकाराला रंगांची कोणती जोडी पुन्हा पुन्हा मोहात पाडते, कुठे तो सरावानं निभावून नेतो आणि कुठे खरोखर अडतो, हे सगळं शेजारी शेजारी दिसतं. प्रेक्षक चित्रकाराचा विचार वाचू शकतो तो इथेच.

या प्रकाराला बंडाचीही परंपरा आहे. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गुस्ताव्ह कुर्बेची काही महत्त्वाची चित्रं नाकारली. त्यानं जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि आपली चित्रं तिकीट लावून दाखवली. गर्दी बेताचीच झाली, पण परीक्षकांना वळसा घालून थेट लोकांसमोर जाण्याची वाट पडली.

भिंत कोणाची?

एकल प्रदर्शन कुठे भरतं यावर त्याचा सगळा व्यवहार अवलंबून असतो. ढोबळ मानानं दोन प्रकार आहेत.

पहिला, व्यावसायिक गॅलरी. तिथे गॅलरीचा मालक किंवा संचालक चित्रकार निवडतो, प्रसिद्धी करतो, गिऱ्हाईक आणतो आणि विक्रीतून हिस्सा घेतो. हा हिस्सा साधारणपणे किमतीच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतो. आकडा मोठा वाटतो, पण जागा, माणसं आणि संग्राहकांशी वर्षानुवर्षं जपलेले संबंध ही गॅलरीची गुंतवणूक असते.

दुसरा, सार्वजनिक दालन. ते महापालिकेचं, न्यासाचं किंवा एखाद्या सांस्कृतिक संस्थेचं असतं. चित्रकार ठरलेलं भाडं आणि अनामत रक्कम भरतो आणि भिंत तेवढ्या दिवसांपुरती त्याची होते. काही ठिकाणी निवड समिती असते, काही ठिकाणी अर्ज आणि तारीख एवढंच. विक्रीवर हिस्सा घ्यायचा की नाही, हे ज्या त्या दालनाच्या नियमांवर. त्यामुळे अर्जासोबतची नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हे प्रदर्शनाचं पहिलं काम.

शाळेतले कलाशिक्षक, जाहिरात संस्थेतून निवृत्त झालेले, नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारे, नुकतेच जी. डी. आर्ट झालेले अशा लोकांना व्यावसायिक गॅलरीचं दार क्वचित उघडतं. त्यांच्यासाठी सार्वजनिक दालन हीच खरी सोय. महापालिकेचं दालन बंद पडलं किंवा त्याचं भाडं परवडेनासं झालं, तर पहिला फटका त्यांनाच बसतो.

जहांगीरचं उदाहरण

मुंबईच्या काळा घोडा भागातली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली, आणि तिच्यासाठी चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. त्याआधी चित्रकारांना सभागृहं आणि संस्थांच्या जागा यांवरच भागवावं लागे.

जहांगीरचं प्रदर्शन मंगळवारी उघडतं आणि पुढच्या सोमवारी संपतं. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. म्हणजे रस्त्यावरून जाणारा कोणीही आत येऊ शकतो. १९६४ ते २०१५ या काळात इथे समोवार नावाचं उपाहारगृह होतं. तिथे चहाला आलेला माणूस जाता जाता दालनात डोकावत असे. बाहेरच्या पदपथावर चित्रं मांडून बसणारे कलाकार आजही या परिसराचा भाग आहेत. नामवंत आणि नवखा यांच्यात इथे एका भिंतीचंच अंतर असतं.

इथल्या दोन एकल प्रदर्शनांनी या प्रकाराची दोन टोकं दाखवली. १९५४ साली अकबर पदमसी यांचं पहिलं एकल प्रदर्शन इथे लागलं. त्यातल्या ‘लव्हर्स’ या दोन चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा आक्षेप घेतला. पदमसींनी चित्रं उतरवायला नकार दिला, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. एकल प्रदर्शनात चित्रांची जबाबदारी कोणाची असते, याचं हे ठसठशीत उदाहरण. दुसरं १९९२ सालचं, एम. एफ. हुसेन यांचं ‘श्वेतांबरी’. त्यांनी दालनं पांढऱ्या कापडानं झाकून टाकली आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे पसरले. विकत घेण्यासारखं भिंतीवर काही नव्हतंच. एकल प्रदर्शनाचा विषय दालन स्वतःच असू शकतो, हे त्यातून दिसलं.

तारीख मिळवणं

जहांगीरसारख्या मागणी असलेल्या दालनात निवड झाल्यावरही काही वर्षं थांबावं लागतं. लहान शहरांतल्या दालनांत काही महिन्यांत तारीख मिळू शकते. अर्जासोबत साधारणपणे परिचय, कामांची छायाचित्रं आणि चित्रांबद्दल थोडक्यात निवेदन मागतात. छायाचित्रं सरळ, सारख्या प्रकाशात आणि फ्रेमशिवाय काढलेली असावीत. समितीला चित्र पाहायचं असतं, घराची भिंत नव्हे.

हंगामाचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात दिवाळीनंतर मार्चपर्यंतचे दिवस सगळ्यांना हवे असतात. मुंबईत फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो. तो १९९९ पासून भरतो आणि त्या दिवसांत परिसरात माणसांचा पूर लोटतो. पावसाळ्यातली तारीख लवकर मिळते, पण तेव्हा कागदाला ओल धरते आणि प्रेक्षकही पावसाच्या मर्जीवर असतो. ज्यांचं बहुतेक काम जलरंगात आहे, त्यांनी दोनदा विचार करावा.

किती चित्रं लावायची?

पहिल्या प्रदर्शनात हमखास मोह होतो तो आहे नाही ते सगळं लावण्याचा. त्यावरचा उपाय म्हणजे फूटपट्टी. दालनात जाऊन भिंतींची लांबी मोजावी, आणि दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, खांब वजा करावेत. समजा, एका बाजूला ६० फूट सलग भिंत मिळाली आणि चित्रं सरासरी ३ फूट रुंद आहेत. १२ चित्रं लावली तर त्यांचे ३६ फूट झाले. दोन चित्रांमध्ये दीड फुटाची मोकळी जागा ठेवली तर अशा ११ जागांचे साडेसोळा फूट. एकूण साडेबावन्न फूट, आणि दोन्ही टोकांना मिळून साडेसात फूट उरतात. तेराव्या चित्राला इथे जागा करायची तर बाकीच्या बारांचा श्वास कोंडतो.

निवडताना एक सूत्र धरलं तर काम सोपं होतं: एखादा विषय, एक माध्यम, एखाद्या गावाची किंवा ऋतूची मालिका, किंवा सलग दोन-तीन वर्षांचं काम. गणपती, निसर्गचित्र, व्यक्तिचित्र आणि अमूर्त यांची मिसळ केली, की हातातलं सगळं दाखवल्याचं समाधान मिळतं, पण आपण चित्रकार म्हणून कुठे उभे आहोत हे कळत नाही. अशा वेळी एखाद्या जाणत्या मित्राला चित्रं दाखवून कुठली काढू असं विचारावं. कुठली ठेवू असं विचारलं तर तो भिडेखातर सगळीच ठेवायला सांगेल.

फ्रेम आणि वाहतूक

खर्चात भाड्यानंतर मोठा वाटा फ्रेमचा. जलरंगाच्या किंवा रेखाटनाच्या चित्राला माउंट लागतो तो केवळ शोभेसाठी नाही. काच आणि कागद यांच्यात त्यामुळे अंतर राहतं. ते नसेल तर दमट हवेत कागद काचेला चिकटू शकतो. माउंटबोर्ड आम्लमुक्त असावा. साध्या बोर्डमुळे काही वर्षांत कागदावर पिवळसर कडा उमटते आणि तोवर चित्र गिऱ्हाइकाच्या घरी गेलेलं असतं.

तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आतून वाळायला महिने घेतो. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात पूर्ण केलेलं तैलचित्र बबलरॅपमध्ये गुंडाळलं तर रंगावर बुडबुड्यांची नक्षी उमटते. ॲक्रिलिक लवकर वाळतं, पण उष्णतेनं मऊ पडून तेही प्लॅस्टिकला चिकटू शकतं. म्हणून आधी बटर पेपर, मग बबलरॅप. टेम्पोत चित्रं आडवी रचू नयेत. ती उभी ठेवून चित्राकडच्या बाजू एकमेकींकडे कराव्यात आणि मध्ये पुठ्ठा घालावा.

भाड्याच्या दालनात चित्रांच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा दालन घेत नाही. नियमावलीत ते कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चित्रं मौल्यवान असतील तर विम्याची चौकशी आधीच करावी.

टांगणी आणि प्रकाश

टांगणी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, तेही आधीचं प्रदर्शन उतरल्यावर. त्यामुळे कुठलं चित्र कुठे, हे कागदावर आधीच ठरलेलं असावं. चित्रं प्रथम भिंतीला टेकवून जमिनीवर मांडावीत, लांबून पाहून अदलाबदल करावी आणि मगच खिळ्याला किंवा हुकाला हात घालावा.

उंचीचा सर्वमान्य संकेत असा की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे असते. लहान-मोठी चित्रं एका रांगेत लावताना खालच्या किंवा वरच्या कडा जुळवण्याऐवजी मध्य जुळवला तर डोळ्याला कमी त्रास होतो. दारातून आत येताना समोर दिसणारी भिंत ही प्रदर्शनाची पहिली ओळ. तिथे सर्वांत मोठं चित्र लावण्यापेक्षा ज्यातून बाकीची चित्रं समजतील असं चित्र लावावं.

काचेची फ्रेम खिडकीसमोर आली की चित्रात प्रेक्षकाचा स्वतःचाच चेहरा दिसतो. त्या जागी कॅनव्हास लावावा. दिव्यांचा झोत थेट समोरून न सोडता वरून तिरका सोडावा. जलरंगासाठी संग्रहालयं ५० लक्सइतका मंद प्रकाश पाळतात. आठवड्याच्या प्रदर्शनात तेवढं कडक राहण्याची गरज नसते, पण चित्र विकत घेणाऱ्याला ते थेट उन्हासमोर लावू नये, एवढं नक्की सांगावं.

चित्राखालच्या पट्टीवर शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष असावं. आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी हा रिवाज आहे.

किंमत कशी ठरते?

सर्वांत जास्त अवघडलेपण असतं ते इथे. नवखे चित्रकार चित्रावरच्या जिव्हाळ्यावर किंमत ठरवतात आणि शेजारच्या दोन चित्रांत विचित्र तफावत पडते. त्यातून सुटण्यासाठी अनेक जण चौरस इंचाचा हिशेब करतात. उदाहरणार्थ, २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास म्हणजे ८६४ चौरस इंच. दर २० रुपये धरला तर १७,२८० रुपये, आणि फ्रेमचा खर्च वेगळा. माध्यमानुसार दर बदलतो. एका प्रदर्शनात एका माध्यमाचा दर सारखा ठेवावा आणि पुढच्या वर्षी तो खाली आणू नये. आधी घेतलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास त्यावर टिकतो.

दरफलक भिंतीवर नसला तरी टेबलावर हवा. मराठी घरांतला प्रेक्षक किंमत विचारायला संकोचतो, आणि न विचारताच महाग असणार असं ठरवून निघून जातो. लहान आकाराची काही चित्रं, रेखाटनं किंवा छापचित्रं परवडतील अशा दरात ठेवली तर पहिल्यांदाच चित्र विकत घेणारा माणूस तयार होतो. चित्र विकलं गेलं की पट्टीवर लाल टिकली लागते. ती टिकली पाहून दुसऱ्याचा धीर वाढतो, हे दालनात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

विकल्यावर काय उरतं?

चित्र विकलं म्हणजे सगळं विकलं, असा समज सर्रास आढळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वस्तू म्हणून चित्र गिऱ्हाइकाचं होतं, पण लेखी करारानं दिला नसेल तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. विकत घेतलेल्या चित्राची परवानगीशिवाय कॅलेंडरं छापता येत नाहीत. मात्र कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी व्यक्तिचित्र करवून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो. कॉपीराइटची मुदत चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं.

याच कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये एक तरतूद आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. मूळ चित्र पुढे पुन्हा विकलं गेलं आणि त्याची किंमत १०,००० रुपयांवर गेली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो. हा हिस्सा जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. पण तो मागायचा तर चित्र कोणाकडे गेलं याची नोंद हवी. म्हणून प्रत्येक विक्रीची पावती करावी आणि तिच्यावर शीर्षक, आकार, वर्ष, किंमत आणि घेणाऱ्याचं नाव लिहावं. चित्राचा फोटो तिला जोडावा.

उद्घाटन आणि नंतरचे दिवस

उद्घाटनाला दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात. पाहुण्यांची संख्या वाढली की चित्रांकडे पाठ करून उभं राहणाऱ्यांची संख्याही वाढते. त्यामुळे भाषणं थोडकी ठेवून पाहुण्यांना चित्रकारानं स्वतः दालन फिरवून दाखवलं, तर वेळ सार्थकी लागतो.

खरी कसोटी असते ती मधल्या दिवसांची, दुपारी दालनात तिघं-चौघं असतात तेव्हाची. प्रात्यक्षिकाची आपली जुनी चाल इथे उपयोगी पडते. समोर माणूस बसवून तासा-दीड तासात व्यक्तिचित्र रंगवलं की विद्यार्थी, शिक्षक आणि नुसतेच कुतूहलानं आलेले लोक थांबतात, आणि प्रात्यक्षिक संपल्यावर भिंतीकडे वळतात. जवळच्या शाळेला, कला महाविद्यालयाला आधी कळवून एक सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवता येते.

चित्रकारानं दालनात हजर असावं, पण प्रेक्षकाच्या मागोमाग फिरू नये. आधी पाहू द्यावं, विचारलं तर बोलावं.

प्रेक्षकाचं काम

पहिली फेरी न थांबता मारावी, म्हणजे एकूण सूर कळतो. दुसऱ्या फेरीत तीन चित्रांपाशी थांबावं: एक आवडलेलं, एक न आवडलेलं आणि एक न कळलेलं. चित्रकार समोर असेल तर याचा अर्थ काय असं विचारण्याऐवजी हे कसं केलंत, कुठून सुरुवात केलीत, कुठे थांबलात असं विचारावं. अर्थाच्या प्रश्नावर चित्रकार गोंधळतो. कृतीबद्दल विचारलं की तो भरभरून बोलतो. अभिप्राय वहीत ‘अप्रतिम’ आणि ‘शुभेच्छा’ यांची रांग लागलेली असते. त्याऐवजी एका चित्राचं नाव घेऊन एक वाक्य लिहिलं, तर ते चित्रकाराच्या पुढच्या कामाला उपयोगी पडतं.

आठवडा संपल्यावर

सार्वजनिक दालनांची सर्वांत मोठी उणीव शेवटच्या दिवसानंतर कळते. चित्रं टेम्पोत जातात, बॅनर उतरतो, आणि काय लागलं होतं याचा मागमूस राहत नाही. व्यावसायिक गॅलरी कॅटलॉग छापते, नोंदी ठेवते. भाड्याच्या दालनाकडे बहुधा फक्त भाड्याची पावती असते. महाराष्ट्रातल्या चित्रकारांवर अभ्यास करणाऱ्यांना म्हणूनच जुनी निमंत्रणं, कात्रणं आणि घराघरांतले अल्बम धुंडाळावे लागतात.

चित्रकारानं यासाठी फार खर्च करायची गरज नाही. प्रत्येक चित्राचा चांगला फोटो, भिंतीनिहाय दालनाचे फोटो, चित्रांची पूर्ण यादी, निवेदन, निमंत्रण, कात्रणं आणि अभिप्राय वही एकत्र ठेवावी. पुढच्या अर्जालाही हाच दस्तऐवज लागतो.

दालन चालवणाऱ्यांनी ठरवलं तर त्याहून मोठं काम होऊ शकतं. अनामत रक्कम परत देण्याआधी चित्रांची यादी, भिंतींचे पाच फोटो आणि एक पानाचं निवेदन दालनाकडे जमा करायचं, एवढा एकच नियम पुरे. वर्षाला ४० प्रदर्शनं होत असतील तर दहा वर्षांत अशा ४०० फाइली जमतील. कुठल्या वर्षी शहरात कोण काय रंगवत होतं, जलरंगाची जागा ॲक्रिलिकनं कधी घेतली, शहराबाहेरचे डोंगर निसर्गचित्रांतून कधी नाहीसे झाले, हे त्यांतून वाचता येईल. पालिकेला त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक कपाट आणि नियमावलीत एक ओळ वाढवली तरी भागेल.